जिन्यातले दिवे : आपल्या सौर बॅटऱ्यांचा एकोणीस वर्षांचा इतिहास



पंचवीस वर्षांत आपल्या इमारतीला दोनदा रंग दिला, पाण्याची टाकी एकदा बदलली आणि पार्किंगवरून किती सभा गाजल्या ते सगळ्यांना ठाऊकच आहे. त्याचा वृत्तांत या स्मरणिकेत इतरत्र आला आहे. हा लेख रोज संध्याकाळी आपोआप घडणाऱ्या, आणि म्हणूनच कुणाच्या लक्षात न येणाऱ्या एका गोष्टीबद्दल आहे. जिन्यातले, गेटवरचे आणि पंपाजवळचे मिळून आपले वीस दिवे. लाईट असो वा नसो, ते लागतात. कसे लागतात, त्यासाठी काय काय करावं लागलं आणि यापुढे ते लागत राहावेत म्हणून काय ठरवायचं आहे, ते इथे मांडलं आहे.

माहितीचा आधार तीन गोष्टींचा. सभांच्या इतिवृत्ताची वही, बिलांची फाईल, आणि सी विंगमधल्या काकांनी २०१०पासून ठेवलेली दोनशे पानी नोंदवही. काका ओझरच्या एचएएल कारखान्यातून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झाले. मुलं त्यांना ‘बॅटरीवाले काका’ म्हणतात. काकांना स्मरणिकेत नाव नको होतं, म्हणून तेच बिरुद इथे ठेवलं आहे.

भारनियमनाचे दिवस

आपली सोसायटी २०००मध्ये नोंदली गेली. पुढच्याच वर्षी दाभोळचा वीजप्रकल्प बंद पडला. मागणी वाढत होती आणि नवी वीज येत नव्हती. ६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचे भाग पडून महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा कंपन्या झाल्या. पण नावं बदलली म्हणून वीज वाढली नाही. नाशिकला गंमत अशी, की एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र हाकेच्या अंतरावर, आणि आपण मेणबत्ती लावून जेवायला बसायचो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तेव्हा वर्तमानपत्रात भारनियमनाचं वेळापत्रक छापून यायचं. त्यावरून गृहिणी मिक्सर लावायच्या, मुलं अभ्यासाला बसायची, आणि पंप कधी चालवायचा ते वॉचमन ठरवायचा. घराघरांत हळूहळू इन्व्हर्टर आले. जिना मात्र कुणाच्या घरात येत नाही. तो सगळ्यांचा, म्हणजे अंधार पडल्यावर कुणाचाच नाही. आपली इमारत चार मजली आणि बिनलिफ्टची. २००६च्या पावसाळ्यात बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी अंधारात पायरी चुकल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर त्या काठीशिवाय चालल्या नाहीत. त्याच महिन्यात विशेष सभा बोलावली गेली. इतिवृत्तात ठराव दोन ओळींचा आहे : जिन्यात बॅटरीवर चालणारे दिवे लावावेत, खर्च सर्व सभासदांत समान वाटावा. विरोधात एकही मत नाही. आपल्या सोसायटीच्या इतिहासात असे ठराव फार नाहीत.

ट्रकची बॅटरी आणि जिन्याची बॅटरी

पहिला इन्व्हर्टर आला तो विजेवर भरणारा. सूर्याचा संबंध नव्हता. सोबत १२ व्होल्टच्या, १५० ॲम्पिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या आल्या. दिसायला दणकट. पण चौदा महिन्यांत दोन्ही बसल्या. त्या ट्रकच्या होत्या. तेव्हा बाजारात तेच सर्रास चाले.

दोन्ही बॅटऱ्यांत शिसं तेच, ॲसिड तेच. फरक कामाचा. ट्रकच्या बॅटरीला काही सेकंद प्रचंड करंट द्यायचा असतो. गाडी सुरू झाली की काम संपलं, आणि इंजिनावरचा अल्टरनेटर तिला लगेच परत भरतो. त्यासाठी प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात. जिन्याच्या बॅटरीला मात्र थोडा थोडा करंट तासन् तास द्यायचा असतो, आणि रोज बरीचशी रिकामी होऊन परत भरायचं असतं. तिच्या प्लेटा जाड लागतात. आपल्याकडे जिला ‘ट्यूब्युलर’ म्हणतात तिच्या धन बाजूच्या प्लेटेत शिशाचे दांडे असतात आणि त्यांच्याभोवती सच्छिद्र नळ्यांत सक्रिय पदार्थ भरलेला असतो. त्यामुळे तो झडून तळाशी पडत नाही. हीच ‘डीप सायकल’ जात. जुन्या रेल्वे डब्यांच्या खाली मोठ्या पेट्यांत असायच्या त्या बॅटऱ्या याच कामाच्या. गाडी धावताना चाकाच्या आसावरचा डायनॅमो त्यांना भरायचा आणि गाडी स्टेशनात थांबली की डब्यातले दिवे त्यांच्यावर चालायचे.

मुळात ही बॅटरी १८५९ची. फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते यांनी शिशाचे दोन पत्रे मध्ये विलगक ठेवून गुंडाळले आणि सौम्य सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवले. पुन्हा पुन्हा भरता येईल अशी ती पहिली बॅटरी. गंमत म्हणजे ती भरायला तेव्हा सोयीचं साधनच नव्हतं. उपयोगी पडतील असे डायनॅमो यायचे होते, त्यामुळे ही बॅटरी दुसऱ्या, एकदाच वापरायच्या सेलांवरून भरावी लागे. १८८१मध्ये कामिय फोर यांनी शिशाच्या संयुगाचा लेप दिलेल्या प्लेटा केल्या आणि बॅटरीची क्षमता वाढली. थोडक्यात, या बॅटरीचा प्रश्न जन्मापासून एकच आहे. ती बनवणं सोपं, तिला नीट भरणं अवघड. आपल्या एकोणीस वर्षांचा इतिहासही त्याच एका वाक्यात मावतो.

२००७मध्ये ट्रकच्या बॅटऱ्या काढून दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या घेतल्या. त्या विजेवरच भरायच्या. रोज काही तास भारनियमन, मग लाईट आली की रात्रभर चार्जिंग. तीन वर्षांनी त्या बदल्यात दिल्या तेव्हाही चांगल्या स्थितीत होत्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध आहे.

ऊन गच्चीवर आलं

उन्हापासून वीज होते हे बॅटरीपेक्षाही आधी कळलं होतं. १८३९मध्ये एकोणीस वर्षांच्या एदमाँ बेक्रेल यांनी प्रकाश पडल्यावर द्रावणातल्या धातूच्या पट्ट्यांमध्ये वीज निर्माण होताना पाहिली. बेक्रेल पुढे पॅरिसमधल्या ज्या संस्थेत प्राध्यापक झाले, त्याच संस्थेत प्लांते १८५४पासून सहायक होते. म्हणजे आपल्या गच्चीवरच्या पॅनेलचा आणि खोलीतल्या बॅटरीचा पूर्वज एकाच आवारातला. पण दोघांची भेट व्हायला आणखी शंभर वर्षं गेली. १९५४मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनचा सौर सेल जाहीर केला. पडलेल्या उन्हापैकी सुमारे सहा टक्क्यांची वीज होई. पुढच्याच वर्षी जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस या गावी तो खेड्यातल्या टेलिफोन लाईनवर बसवून पाहिला. दिवसा लाईन चालवायची, उरलेल्या विजेनं बॅटरी भरायची आणि रात्री बॅटरीवर भागवायचं. आपली मांडणी अगदी हीच आहे.

भारतात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीनं १९७७मध्ये देशातला पहिला सौर सेल आणि १९७८मध्ये पहिलं पॅनेल बनवलं. अनेक वर्षं ही पॅनेलं दूरच्या ठाण्यांवर आणि वीज न पोचलेल्या खेड्यांतच दिसायची. शहरातल्या सोसायटीला सोलर म्हणजे फक्त आंघोळीचं गरम पाणी. जानेवारी २०१०मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय सौर मिशन जाहीर केलं आणि सोलर वीज हा शब्द पेपरात रोज दिसू लागला. त्याच वर्षी आपल्या सभेत ठराव आला. पॅनेलचा दर तेव्हा वॅटमागे शंभर रुपयांच्या पुढे होता, तरी मंजूर झाला.

पुरवठादारानं दिलेली मांडणी अशी होती. ७५ वॅटची आठ पॅनेलं, म्हणजे ६०० वॅट. १२ व्होल्टच्या, १५० ॲम्पिअर-अवरच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्या. दोन-दोन एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट, आणि अशा दोन ओळी शेजारी शेजारी. एकूण साठा ७.२ युनिट. गच्चीवर पत्र्याची शेड करून त्यात बॅटऱ्या ठेवल्या.

हिशोब कागदावर बरोबर होता. ११ वॅटचे वीस सीएफएल. संध्याकाळी सातपासून अकरापर्यंत सगळे, त्यानंतर सकाळी सहापर्यंत निम्मे. रात्रीचे १.६५ युनिट. इन्व्हर्टरमधली गळती धरून बॅटरीतून जाणार सुमारे १.९५. पॅनेलं ६०० वॅटची, दिवसाचं भरघोस ऊन पाच तासांइतकं, म्हणजे तीन युनिट. त्यातून उष्णता, धूळ, तारा आणि बॅटरी भरतानाची घट वजा जाता दोनच्या आसपास उरतात. गेले १.९५, आले २. शिल्लक जवळपास शून्य. बँकेच्या खात्यात हे चालतं. बॅटरीत चालत नाही.

हिरवा दिवा आणि काचेची नळी

काका त्याच वर्षी निवृत्त झाले आणि गच्चीवर जाऊ लागले. त्यांच्याकडे हायड्रोमीटर होता. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगता काटा. बॅटरीतलं ॲसिड जितकं दाट, तितका काटा वर. पाण्याची घनता १ धरली, तर पूर्ण भरलेल्या आपल्या ट्यूब्युलरचं ॲसिड १.२४० असतं. बोलताना काका ‘बाराशे चाळीस’ म्हणतात. बॅटरी वापरली जाते तसं ॲसिडमधलं सल्फेट प्लेटांवर जाऊन बसतं आणि द्रावण पातळ होतं. भरताना तेच सल्फेट परत द्रावणात येतं. म्हणून हा आकडा म्हणजे बॅटरीची खरी शिल्लक. चार बॅटऱ्या, प्रत्येकीत सहा सेल, एकूण चोवीस आकडे. काकांनी ते दर रविवारी सकाळी लिहिले.

ती पानं आजही वाचण्यासारखी आहेत. जानेवारी २०११ : सगळे १.२३०च्या वर. मे २०११ : १.२१०. बाजूला शेरा, ‘हिरवा दिवा दुपारी एकलाच लागतो.’ ऑगस्ट २०११ : १.१५० ते १.१७०. त्या वर्षीच्या दिवाळीत ऊन लख्ख पडलं, पण आकडा १.२००च्या वर गेला नाही. ऑगस्ट २०१२ : बहुतेक १.१२०, सात नंबरचा सेल १.०८०. जानेवारी २०१३ : ‘दिवे रात्री नऊला गेले.’

अडीच वर्षांत चारही बॅटऱ्या संपल्या होत्या. त्याच जातीच्या २००७च्या बॅटऱ्या विजेवर तीन वर्षं चांगल्या राहिल्या होत्या. मग फरक कुठे पडला? नोंदवहीतून दोन कारणं निघतात.

पहिलं हिरव्या दिव्याचं. एसटी स्टँडवर गाडी लागली की पहिल्या तीस जागा दोन मिनिटांत भरतात. शेवटच्या चार-पाच जागांना वेळ लागतो. शोधावं लागतं, सरकावं लागतं. बॅटरीचंही तसंच. पहिला सुमारे ऐंशी टक्के भाग पटापट भरतो. उरलेल्या वीस टक्क्यांना आणखी तीन-चार तास लागतात, आणि त्या वेळात व्होल्टेज वर धरून ठेवावं लागतं. आपल्या २४ व्होल्टच्या मांडणीला त्यासाठी २८.८च्या आसपास हवेत. त्या कंट्रोलरची सेटिंग २७.६वर होती. तेवढं व्होल्टेज झालं की तो ‘भरली’ म्हणायचा, हिरवा दिवा लावायचा आणि दुपारचं उरलेलं ऊन वाया जायचं. दिवा खोटं सांगत होता असं नाही. तो फक्त व्होल्टेज सांगत होता. शिल्लक सांगणारी वस्तू काकांच्या हातात होती.

दुसरं कारण पावसाळ्याचं. दाट ढगाच्या दिवशी भरघोस ऊन दीड-दोन तासांइतकंच मिळतं. दिवे तितकेच जळतात, भरपाई निम्मीही होत नाही. इन्व्हर्टर बॅटरी फार उतरली की जिना विजेवर टाकायचा, म्हणून कुणाला काही जाणवलं नाही. पण बॅटऱ्या आठवडेच्या आठवडे अर्धवट रिकाम्या राहिल्या. प्लेटांवर बसलेलं सल्फेट ताजं असेल तर सहज परत जातं. ते तसंच पडून राहिलं तर त्याचे मोठे, कडक स्फटिक होतात आणि नंतर कितीही ऊन द्या, ते पुरते सुटत नाहीत. नवरात्रात ऊन आलं तेव्हा उशीर झालेला होता. शिवाय उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी पेटायची. शिशाच्या बॅटरीचं तापमान सतत आठ-दहा अंशांनी जास्त राहिलं तर आयुष्य निम्म्यावर येतं, असा ढोबळ नियम आहे.

२०१३ची सभा

फेब्रुवारी २०१३ची सभा तीन तास चालली. सोलर काढून टाका, भंगारात घाला, असं म्हणणारे बरेच होते. त्यांचंही बरोबर होतं. त्याआधी काही महिने महावितरणनं गळती कमी आणि वसुली चांगली असलेले विभाग भारनियमनातून मुक्त केले होते. ‘लाईट आता जात नाही, मग हे कशाला?’ हा प्रश्न चुकीचा नव्हता. काकांनी भाषण केलं नाही. नोंदवहीची दोन पानं, एप्रिलचं आणि ऑगस्टचं, झेरॉक्स काढून वाटली. इतिवृत्तात पुढे लिहिलं आहे, की बी विंगमधल्या त्या आजींच्या मुलानं ठराव मांडला. मतदान झालं. चार मतांनी दिवे वाचले.

त्या ठरावानं केलेले बदल नीट नोंदवतो, कारण आज आपलं सगळं त्यांच्यावर चाललं आहे.

पॅनेलं आठाची बारा केली, म्हणजे ९०० वॅट. बॅटऱ्यांची क्षमता मात्र वाढवली नाही. कुणालाही वाटतं की दिवे कमी वेळ चालतात, मग बॅटरी मोठी घ्या. पण जे भरत नाही ते आणखी मोठं करून काय उपयोग? भरण्याचा करंट क्षमतेच्या सुमारे दहा टक्के असावा असा ट्यूब्युलरचा रिवाज आहे. ३०० ॲम्पिअर-अवरला तीस ॲम्पिअर. आधी आपल्याला भर दुपारी साडेसतरा मिळायचे, आता सव्वीस मिळू लागले.

कंट्रोलर बदलला. नवा तीन टप्प्यांत भरतो. आधी मिळेल तितका करंट, मग २८.८ व्होल्ट दोन तास धरून ठेवणं, मग २७.२वर नुसती राखण. बॅटरीच्या अंगाला चिकटवलेली एक बारीक वायर तापमान सांगते. हवा जितकी गरम, तितकं भरण्याचं व्होल्टेज कमी लागतं. आपल्या मांडणीत अंशामागे साधारण ०.०५ व्होल्ट. एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत हे केलं नाही, तर पाणी भराभर उडतं.

बॅटऱ्या पत्र्याच्या शेडमधून काढून टाकीखालच्या विटांच्या खोलीत नेल्या. एकेक बॅटरी पन्नास किलोच्या पुढची. तरुण मंडळींनी ते काम एका रविवारात केलं. खोलीला समोरासमोर दोन जाळ्या ठेवल्या, कारण भरताना हायड्रोजन सुटतो आणि तो साठला तर एक ठिणगी पुरते. तेव्हापासून दसऱ्याला बॅटऱ्यांना हळद-कुंकू आणि झेंडू आत, उदबत्ती आणि कापूर मात्र जिन्यात, असा दंडक आहे.

आणि चौथी गोष्ट, काकांच्या मते सगळ्यात महत्त्वाची : विजेवरचा चार्जर परत जोडला. जून ते सप्टेंबर दर शनिवारी रात्री, किंवा आकडा १.१९०च्या खाली गेला की लगेच, बॅटऱ्या विजेवर पूर्ण भरायच्या. काही सभासदांना हा सोलरचा पराभव वाटला. ‘सूर्याच्या बॅटरीला वीज कशाला?’ पण आजारी माणसाला चार दिवस सलाइन लावलं म्हणजे त्यानं जेवण सोडलं असं होत नाही.

काय टिकलं

२०१५मध्ये केंद्राच्या योजनेतून स्वस्त एलईडी बल्ब मिळू लागले. कुंभमेळ्याच्या वर्षीचीच ही गोष्ट. आपण वीसही दिवे ७ वॅटचे केले. रात्रीचा खर्च १.९५ युनिटवरून सव्वावर आला. पूर्वी रोज बॅटरीचा सव्वीस-सत्तावीस टक्के भाग रिकामा व्हायचा, आता सतरा-अठरा. बॅटरी जितकी कमी उतरते तितकी जास्त वर्षं जगते. ऊर्जा वाचवणं म्हणजे नुसतं बिल वाचवणं नाही, हे तेव्हा कळलं.

२०१३चा संच डिसेंबर २०२०पर्यंत चालला. जवळजवळ आठ वर्षं. आधीचा अडीच. पुरवठ्याचा दर्जा, ऊन, दिवे यांत थोडा फरक असेल, पण मुख्य फरक भरण्याचा. जुन्या बॅटऱ्या विक्रेत्याला परत दिल्या आणि पावती फाईलला लावली. २००१पासूनच्या नियमांनी, आणि आता २०२२च्या नव्या नियमांनीही, त्या भंगारवाल्याच्या हातगाडीवर घालायच्या नसतात. बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग शिसं असतं. ते पुन्हा नव्या बॅटरीत जातं, पण उघड्यावर वितळवलं तर वितळवणाऱ्याच्या आणि आसपासच्या मुलांच्या रक्तात जातं.

सध्याचा संच पाचव्या वर्षात आहे. या महिन्याचे आकडे १.२२५ ते १.२३५. फक्त अकरा नंबरचा सेल १.२०५. त्याच्यावर लक्ष ठेवावं लागेल. ओळीतला एक सेल मागे पडला की बाकीच्यांना तो खाली ओढतो, आणि भरताना सगळ्यांना त्याच्यासाठी थांबावं लागतं. त्यासाठी दोन-तीन महिन्यांतून एकदा नेहमीपेक्षा जास्त व्होल्टेजवर काही तास समान भरणा करतात. त्यानंतर पाणी तपासायचं. पाणी डिस्टिल्डच. नळाचं नाही, आणि घरच्या आरओचंही नाही, कारण त्यातही क्षार उरतात. ॲसिड मात्र कधीही घालायचं नाही, कारण कमी होतं ते पाणीच.

आता सभेपुढचा प्रश्न

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत छतावरच्या मोठ्या सौर प्रकल्पाचा प्रस्ताव आहे. नेट मीटरचे नियम राज्यात २०१५मध्ये आले. २०२४च्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपयांचं अनुदान आहे. आता पॅनेलं २०१०च्या मानानं खूपच स्वस्त झाली आहेत. पंपाचं बिल वाचेल. प्रस्ताव चांगला आहे आणि तो मंजूर व्हावा असं या लेखकाचंही मत आहे.

पण प्रस्तावाच्या शेवटच्या ओळीत ‘जुनी बॅटरी यंत्रणा काढून टाकणे’ असं आहे. तिथे थांबून विचार करावा. नेट मीटरला जोडलेली साधी सौर यंत्रणा लाईट गेली की स्वतःही बंद पडते. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून ते तसंच असायला हवं. म्हणजे गच्चीभर पॅनेलं असतील आणि लाईट गेल्यावर जिन्यात अंधार असेल. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली आणि लोकलसुद्धा थांबल्या. असं रोज होत नाही. पण जिन्यातला दिवा रोजच्यासाठी नव्हताच. तो त्या एका रात्रीसाठी होता.

पर्याय तीन दिसतात. शिशाच्याच बॅटऱ्यांचा छोटा संच जिन्यापुरता ठेवणं. लिथियम फॉस्फेटची बॅटरी घेणं, जिला पाणी लागत नाही आणि अर्धवट भरलेली राहिली तरी चालतं, मात्र सुरुवातीचा खर्च जास्त आणि चार्जर तिच्यासाठी वेगळा लावावा लागतो. किंवा बॅटरी मागायचीच नाही, असं उघडपणे ठरवणं. एलईडीमुळे आपली गरज इतकी खाली आली आहे की पहिला पर्याय सगळ्यात स्वस्त पडेल. पण त्याला माणूस लागतो.

आणि खरी अडचण तीच आहे. काका आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. गुडघ्यांमुळे चार मजले चढणं त्यांना जमत नाही. गेल्या मार्चपासून नोंदी अनियमित आहेत. एका पानावर सहा आठवड्यांची जागा कोरी आहे, आणि त्यानंतरच्याच नोंदीत अकरा नंबरचा सेल पहिल्यांदा मागे पडलेला दिसतो. बॅटऱ्या ठेवायच्या ठरल्या तर ठरावात किंमत आणि मेक यांच्याबरोबर आणखी एक ओळ हवी : दर रविवारी वर कोण जाणार. एका माणसावर नको. चार सभासदांनी महिन्याचा एकेक रविवार वाटून घेतला तर कामाला अर्धा तास पुरतो. काकांनी शिकवायची तयारी दाखवली आहे. ते खाली खुर्चीवर बसतील, आकडे वरून फोनवर सांगायचे.

नोंदवही सोसायटीच्या कार्यालयात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. हायड्रोमीटर, हातमोजे आणि चष्मा टाकीखालच्या खोलीत खिळ्याला अडकवलेले आहेत. किल्ली वॉचमनकडे. सभेच्या आधी एकदा वर जाऊन या, एखादा सेल स्वतः तपासून पाहा, आणि मग मत द्या.

— एक सभासद, ए विंग